रक्तदाबाच्या गोळ्या

डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात सहा रकाने होते. झोप, बोलणं, भूक, काम, रडणं आणि शेवटचा ‘इतर’. प्रत्येक रकान्यात रोज शून्य ते चार यांपैकी एक आकडा घालायचा. शून्य म्हणजे नेहमीसारखं, चार म्हणजे हाताबाहेर. मी हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवत होते, त्यामुळं हे काम माझ्याकडं आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटला होता. पट्टीनं रेघा मारून, निळ्या शाईनं आकडे काढून मी असा काही तक्ता भरायची की डॉक्टर म्हणायचे, ‘तुमच्यासारखे चार नातेवाईक मिळाले तर माझं काम सोपं होईल.’ आज ते वाक्य आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

तक्ता माझ्या अक्काचा होता. अक्का माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी, मलकापूरला दिलेली. दाजी लष्करात, वर्षातून एकदा रजेवर यायचे. घरात सासू आणि पहिलीतली मुलगी, एवढंच माणूस. शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमारास एका पावसाळ्यात अक्का एकाएकी गप्प झाली. भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळायचं नाही. सासूबाईंनी तिला कोल्हापुरात आमच्याकडं पाठवलं. ‘माहेरची हवा लागली की हुईल बरी,’ म्हणाल्या. मुलीची शाळा बुडू नये म्हणून तिला आपल्यापाशी ठेवून घेतलं.

दोन महिने अक्का भिंतीकडं तोंड करून पडून होती. आईनं अंगारे, उतारे, सगळं करून पाहिलं. मग गणपतीच्या दिवसांत ती एका सकाळी उठली ती नऊ दिवस झोपलीच नाही. केस मोकळे सोडून दारात उभी राहायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, ‘पावणं, जेवूनच जावा!’ कोल्हापूरच ते. जेवायला बोलावल्यावर कोण नाही म्हणतंय? एका दुपारी आमच्या सोप्यात अकरा अनोळखी माणसं पाटावर बसलेली, आई आत रडत रडत भाकऱ्या थापतेय आणि अक्का वाढतेय, हसतेय, कुणाला आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या आजारपणाची गोष्ट सांगतेय, कुणाला माझा पगार. त्यातला एकजण जाताना म्हणाला, ‘बाईंनी पोटभर घातलं बघा, देव भलं करो.’ मी त्याच्या अंगावर खेकसले. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

आधीच्या एका डॉक्टरांनी विजेचे झटके दिले होते. त्यानं ती शांत झाली, पण पुढं पंधरा दिवस तिला स्वतःच्या मुलीचा वाढदिवस आठवेना. ‘माझ्याच पोरीचा गं,’ असं म्हणून ती इतकी रडली की आईनं पुन्हा तिकडं न्यायचं नाही म्हणून शपथ घातली. तेव्हा मला माझ्या एका सहशिक्षिकेनं हे दुसरे डॉक्टर सांगितले. तरुण होते, बाहेरगावी शिकून नुकतेच परतलेले. दवाखाना बिंदू चौकाच्या अलीकडं, वरच्या मजल्यावर, खाली शिवणयंत्रांचं दुकान. पाटीवर नुसतं ‘डॉक्टर’ लिहिलेलं. मनाचा आजार असं लिहिलं असतं तर जिना चढायची कुणाची छाती झाली असती? आम्हीसुद्धा ओळखीचं कुणी दिसलं की शिवणयंत्रं बघत थांबायचो.

डॉक्टर म्हणाले, ‘लिथियम म्हणून एक क्षार आहे. परदेशात बरीच वर्षं देतायत, आपल्याकडं नवीन आहे. वर जाणारं मन खाली आणतो आणि खाली गेलेलं वर येऊ देतो. पण आपल्या माणसांना, आपल्या हवेत, आपल्या जेवणावर तो किती लागतो, हे कुणी नीट मोजलेलं नाही. मी ते मोजतोय. म्हणून हा तक्ता.’

मला त्यांचं बोलणं फार आवडलं. अंगारा नाही, कुणाची करणी नाही, मोजायची गोष्ट आहे म्हणे! गोळी थोडी कमी पडली तर लागू पडत नाही, थोडी जास्त झाली तर विष होते, म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. कोल्हापुरात तेव्हा ते मोजायचं यंत्र नव्हतं. सकाळी अनशापोटी रक्त काढायचं आणि कंपाउंडरनं बाटली घेऊन मिरजेची गाडी धरायची. एकदा गाडी चुकली आणि बाटली परत आली, तर मी त्या कंपाउंडरला चारचौघांत असं झापलं की तो मला बघितलं की आत पळायचा. तपासणीच्या बाबतीत मी अशी कडक होते.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी चार गोष्टी सांगितल्या. पाणी भरपूर प्यायचं. मीठ रोजच्याइतकंच ठेवायचं, कमी करायचं नाही. जुलाब, उलट्या, हाताला थरथर, बोलताना जीभ जड, यातलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून सरळ त्यांच्याकडं यायचं. मी ते तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं आणि घरी येऊन अक्काला वाचून दाखवलं. ती तेव्हा जरा जरा माणसात यायला लागली होती. म्हणाली, ‘मीठ कमी? आपल्या घरात? आईच्या आमटीत मीठ कमी पडलेलं कधी बघितलंयस का तू?’ आम्ही दोघी हसलो.

आणि खरंच गोळी लागू पडली. दिवाळीपर्यंत आकडे चारावरून दोनावर, दोनावरून एकावर आले. अक्का सकाळी उठून स्वतः वेणी घालायला लागली. भाकऱ्या थापायला लागली. संक्रांतीपर्यंत माझ्या तक्त्यात ओळीनं शून्यं. तिचा एकच घोषा सुरू झाला, ‘मला मलकापूरला जाऊ द्या. माझी पोरगी मला इसरंल.’ डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, रक्त आता दीड महिन्यानं तपासलं तरी चालेल. तिनं आपल्या घरी, आपल्या पोरीपाशी नीट नांदावं, एवढंच आम्हा सगळ्यांना हवं होतं, आणि ते अगदी हाताशी आलं होतं.

संक्रांतीला तिच्या सासूबाई तिळगूळ घेऊन आल्या. उंच बाई, आवाज असा की बोलल्या तर शेजारच्या घरातलं माणूस ‘ओ’ देईल. आजारपणाविषयी आम्ही त्यांना आजवर ‘अशक्तपणा’ एवढंच कळवलं होतं. त्यांनी कोनाड्यातली बाटली उचलली. ‘कसल्या गोळ्या गं ह्या?’

आईचा चेहरा पांढराफटक. अक्का खाली बघायला लागली. त्याच महिन्यात माझ्यासाठी निपाणीचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा बँकेत, आईबाप सुखवस्तू. आईची रोजची एकच भुणभुण होती, ‘थोरलीचं डोकं फिरलंय म्हणून कळलं तर धाकटीला कोण करून घेनार?’ आणि सासूबाईंचं माहेर निपाणीकडचंच.

मी म्हणाले, ‘रक्तदाबाच्या हायत, मावशी. बीपी.’

माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मला माझंच कौतुक वाटलं. आमचे आप्पा बीपीनंच गेले होते, त्यामुळं गोष्ट पटण्यासारखीही होती. ‘आगं बया! एवढ्या वयात?’ म्हणून सासूबाईंनी अक्काच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढं काही विचारलं नाही. त्या गेल्यावर आई म्हणाली, ‘बरं सुचलं गं तुला.’

कपाळ माझं! आमच्याच घरात आप्पांनी शेवटची दोन वर्षं अळणी आमटी खाल्ली होती. रक्तदाब म्हटलं की पहिल्यांदा मीठ बंद, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि मी तर विज्ञानाची बाई. आठच दिवसांपूर्वी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं होतं, लिथियम, त्याच्याखाली सोडियम, त्याच्याखाली पोटॅशियम, एकाच कुळातली मंडळी. पोटात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मिठाच्या जागी लिथियमच धरून ठेवतं आणि ते रक्तात साठत जातं, एवढं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मीठ कमी करायचं नाही हे तर मीच माझ्या हातानं लिहून घेतलं होतं ना! अशी बीएस्सी, बीएड झाले होते मी.

जानेवारीच्या अखेरीला अक्का मलकापूरला गेली. तक्त्याचं काय करायचं, हा प्रश्न आला. डॉक्टर म्हणाले, तिलाच भरू दे. पण असला कागद त्या घरात कसा ठेवणार? ‘रडणं’ हा रकाना बीपीच्या तक्त्यात कशाला, असं कुणी विचारलं तर? म्हणून मी ठरवलं, अक्कानं दर आठवड्याला कार्ड टाकायचं आणि त्यावरून मी तक्ता भरायचा. एका कार्डावरून सात दिवसांचे आकडे. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही. तक्ता रिकामा राहिला तर ते माझ्याकडं कसे बघतील, याची मला लाज वाटत होती.

कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात, सासूबाईंना वाचता येत नसलं तरी त्या कुणाकडून तरी वाचून घेणार. अक्का जपून लिहायची. ‘येथे सर्व कुशल. आत्याबाई माझी फार काळजी घेतात. माझे जेवण वेगळे करतात. स्वतःही माझ्याबरोबर तेच जेवतात. बाळ अभ्यास करते.’ मी आईला वाचून दाखवलं. ‘बघ, सासू सुनेचं जेवण वेगळं करत्या! कुठं मिळंल असलं घर?’ आईनं देवापुढं साखर ठेवली. मी तक्त्यात लिहिलं, भूक शून्य, झोप शून्य, रडणं शून्य.

पुढं सासूबाईंच्या तोंडूनच कळलं ते असं. आधी त्यांनी मीठ निम्म्यावर आणलं. शिवरात्रीपासून पुरतं बंद केलं. लोणच्याची बरणी माळ्यावर, पापड शेजारणीकडं, चटणीत मीठ नाही. आणि सुनेला एकटीला अळणी गिळायला लागू नये म्हणून स्वतःही तेच खाल्लं. एकदा त्यांना अक्काच्या पदराच्या गाठीत मिठाचे चार खडे सापडले. ‘आगं, जिभंचं चोचलं करून मरायचं हाय का तुला?’ म्हणून त्यांनी ते प्रेमानं काढून घेतले. यात माया सोडून काही नव्हतं. मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि त्या घरात चिडण्यासारखं माणूसच नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं कार्ड आलं तेव्हा अक्षर वेडंवाकडं. काने वाकलेले, वेलांट्या ओळीबाहेर. अक्काचं अक्षर म्हणजे शाळेत बक्षीस मिळवलेलं. आता हात थरथरतोय हे कळायला काय मोठी विद्या लागते? मी उत्तर लिहिलं, ‘अक्षर किती गबाळे काढतेस! एस.टी.त बसून लिहितेस की काय?’ हे मी लिहिलं. तक्त्यात पुन्हा सात शून्यं.

त्याच महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तिनं रक्त तपासायला यायचं ठरलं होतं. नेमकं त्याच रविवारी निपाणीकर मला बघायला यायचे ठरले. आई म्हणाली, ‘त्या दिवशी ती घरात नको गं. तिनं काय बोललं-बिललं तर?’ अक्का आता पूर्ण शुद्धीवर होती, ती काय बोलणार होती? पण मी भांडले नाही. मी कार्ड टाकलं, ‘निपाणीची मंडळी येणार आहेत. तू पुढल्या रविवारी ये.’ एका बाटलीसाठी कंपाउंडरला सोलून काढणारी मी, बहिणीचं रक्त मात्र पोह्यांच्या कार्यक्रमासाठी पुढं ढकललं. डॉक्टरांना सांगितलं, घरी कामं आहेत तिला.

निपाणीकर आले, पोहे खाल्ले, आठ दिवसांनी कार्ड आलं. पत्रिका जुळत नाही. पत्रिका! मुलगा सगळा वेळ माझ्या चष्म्याकडं बघत होता, ते काय मला दिसलं नव्हतं? मला भयंकर अपमान वाटला. आईनं दोन दिवस अन्न सोडलं. अक्काला कळवायचं मी टाळलं. नकाराची गोष्ट उघड्या कार्डावर कशी लिहायची, मलकापुरातल्या दहा जणांनी वाचायला? पुढल्या रविवारी अक्काही आली नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात कार्ड आलं की प्रकृती जरा नरम आहे, काळजी नसावी. माझ्यापुढं वार्षिक परीक्षेचे दीडशे पेपर पडले होते. काळजी नसावी म्हणतायत ना, मग नसू दे, असं म्हणून मी पेपर पुढ्यात ओढले.

नकाराला बारा दिवस झाले असतील. मी शाळेला निघायच्या बेतात होते, तर दारात रिक्षा थांबली. आधी सासूबाई उतरल्या आणि मग त्यांनी अक्काला बखोटीला धरून उतरवलं. अक्काला पाय टाकता येत नव्हता. हात थडथड उडत होते. तोंडातून शब्द फुटत होते पण ते घोळलेले, एकमेकांत मिसळलेले. लुगड्यावर उलटीचे डाग. सासूबाईंचा आवाज सगळ्या पेठेला ऐकू जात होता. ‘ह्यो मेला कंडक्टर म्हनतोय, बाई पिलीया का! त्याच्या मुस्काटात द्यायचीच ऱ्हायली. विहीनबाई, बघा हो पोरीचं काय झालंय. शिवरातीपासनं मी मिठाचा खडा तिच्या जिभंला लागू दिला न्हाय, आन् तरीबी बीपी वाढतंयच म्हंजे काय?’

त्या क्षणी मला सगळं कळलं. पण तोंड? तोंड बंदच. ‘मावशी, मी डॉक्टरांना आणते,’ एवढंच बोलून मी पळत सुटले आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांना सोडून डॉक्टरांना जिन्यातच सगळं सांगितलं. ते बॅग उचलून माझ्यापुढं धावत निघाले.

मोठ्या दवाखान्यात नेऊन तिच्या शिरेत सलाइन लावलं. सासूबाईंनी नर्सला विचारलं, ‘काय हाय त्यात?’ नर्स म्हणाली, ‘मिठाचं पाणी आहे, आजी.’

झालं! सासूबाईंनी नर्सचा हातच धरला. ‘बीपीच्या बाईला मिठाचं पानी? तुमी दवाखानावाली हायसा का कोन? काढा ती सुई! मी महिनाभर जपली आन् तुमी घटकंत मारताय?’ सगळा वॉर्ड बघायला लागला. मी म्हणाले, ‘मावशी, असू दे, डॉक्टरांना कळतंय.’ त्या माझ्यावर उलटल्या. ‘असू दे काय? शिकलीसवरलेली ना तू? मीठ चालतं व्हय बीपीला? बोल की!’ मी सलाइनच्या थेंबांकडं बघत राहिले. आईनं तोंडाला पदर लावला. शेवटी दोन वॉर्डबॉयनी त्या म्हातारीला दंडाला धरून बाहेर नेलं, आणि ती दाराशी उभी राहून ओरडत होती, की माझ्या सुनंला वाचवा कुणीतरी. त्या खोलीत एकटी तीच खरं बोलत होती.

तीन दिवसांनी अक्काची जीभ सुटी झाली, थरथर उतरली. डॉक्टरांनी मला टेबलाशी बोलावलं आणि माझे सगळे कागद पुढं टाकले. ‘शून्य, शून्य, शून्य. ती तिथं भिंत धरून चालत होती आणि तुम्ही इथं शून्यं काढत होता. अशा कागदांवरून मी दुसऱ्या कुणाला औषध द्यायचं?’ त्यांनी तक्त्यावर आडवी रेघ मारली. मी विचारलं, ‘गोळी परत सुरू कराल ना?’ कारण गोळी नसली तर पुन्हा ते नऊ दिवस येणार, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, ‘गोळीचा दोष नाही. पण जी बाई तिच्या ताटात मीठ वाढते, तिलाच माहीत नसेल तर मी ती देणार नाही. तिला सांगा. मग बघू.’

व्हरांड्यात माझी आणि आईची जुंपली. आई म्हणाली, ‘नको मग ती गोळी. येडी म्हणून कळलं तर नांदनं जाईल तिचं. पोरगी तुटंल.’ मी म्हणाले, ‘गोळी न्हाय घेतली तर काय उरनार हाय नांदायला?’ आई म्हणाली, ‘मग सांग की तूच! बीपी तूच काढलंस.’ मी म्हणाले, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, उद्या सांगते. वर्गात पोरी गृहपाठ करून आल्या नाहीत की छड्या मारत होते मी.

शेवटी अक्कानंच सांगितलं. सासूबाई डब्यातून भात घेऊन आल्या होत्या, अळणीच. अक्का उशीला टेकून बसली आणि म्हणाली, ‘आत्याबाई, मला बीपी न्हाय. कवाच नव्हतं. माझं डोकं बिघडलं होतं. नऊ दिवस झोपले न्हाय, वाटंवरची माणसं घरात जेवायला बसवली. त्याच्या गोळ्या हायत ह्या. मीठ बंद केलं की त्या अंगात साठतात.’ तिचा आवाज अजून जरा जड होता, पण एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, ‘तर मग मला अळणी कशापायी रांधू दिलंस गं? तोंड न्हवतं व्हय तुला?’ आणि आमच्याकडं वळून, ‘माझ्या हातानं इख घालायला लावलासा की हो, विहीनबाई. समजलं असतं तर मी तिला टाकली असती का ठेवली असती, ते मलाबी आता सांगता येत न्हाय. पर इचारायचं तरी हुतं! मला मानूस समजून एकदा सांगून तरी बघायचं हुतं!’ आईला रडू कोसळलं. मला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बिंदू चौकात गेल्या. शिवणयंत्रांच्या दुकानाशी न थांबता जिना चढल्या आणि डॉक्टरांना खडसावून विचारलं, ‘मीठ किती घालायचं ते सांगा.’ डॉक्टर म्हणाले, ‘रोजचं.’ ‘रोजचं म्हंजे माझ्या घरचं का हिच्या म्हायेरचं? ही मानसं खारट खात्यात.’ डॉक्टरांना ते सुचलंच नव्हतं. ते आमच्याकडं वेगळं आणि त्यांच्याकडं वेगळं कसं, हे त्यांनी लिहून घेतलं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. गोळ्यांची बाटली सासूबाईंनी आपल्या कनवटीला लावली. मला म्हणाल्या, ‘तुझा त्यो कागद आता र्‍हाऊ दे. मी येईन दर म्हैन्याला रगात घेऊन तिचं.’ आणि आल्याही, पुढची कित्येक वर्षं, ऊन म्हणू नका पाऊस म्हणू नका.

आठव्या दिवशी अक्काला सोडलं. सासूबाई रिक्षा बघायला खाली गेल्या होत्या. मी तिच्या लुगड्यांच्या घड्या करत होते. इतके दिवस पोटात ठेवलेलं मला तेव्हा राहवलं नाही आणि मी तिच्यावरच चिडले. तसं चिडायला माझ्याकडं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

‘तुला ठाऊक होतं ना मीठ सोडायचं न्हाय म्हणून? मी वाचून दाखवलं होतं. हात थरथरायला लागला तेव्हा तरी सांगायचंस! एवढं मरायला टेकलीस, का बोलली न्हाईस?’

ती वेणी घालत होती. म्हणाली, ‘सांगणार होते की. तुझी सुपारी फुटली की त्याच दिवशी आत्याबाईंना सांगायचं, असं मनात धरलं होतं. आधी सांगितलं असतं तर निपाणीपर्यंत गेलं असतं. तोवर कळ काढायची, एवढंच.’ मग तिनं वेणीचं टोक दातात धरून विचारलं, ‘त्यांचा नकार कवा आला गं? आई म्हणाली, आला म्हणून, तवाच मी आत्याबाईंना सांगितलं.’

माझ्या हातातली घडी विसकटली. ती मी परत घातली.

‘तुला इथं आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी,’ मी म्हणाले.

‘असं व्हय,’ अक्का म्हणाली. ‘मग बरं. म्हंजे फुकट न्हाय गेलं.’